पहाटे प्रोग्रॅम का रुसला?

मी मातीतला माणूस, संगणकातला नव्हे. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या दूध संकलन केंद्रावर तेही काम गळ्यात पडले. लॅपटॉप लावला की फॅट-वजनाचा प्रोग्रॅम आपोआप उघडायचा. काही पहाटे तो उघडेना. रांग खोळंबली, पावत्या हाताने लिहिल्या, त्यात एका बाईंच्या ६ लिटरची नोंद राहिली. भांडण झाले. सगळे म्हणाले, व्हायरस!

मी तारखा ताडून पाहिल्या. प्रोग्रॅम रुसायचा तो लाईट नसलेल्या पहाटेच. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये 'कंडिशन्स' या पानावर, वीजजोडणी असेल तरच काम सुरू करावे, अशी खूण मुळातच केलेली असते. वजनकाटा बॅटरीवर चालू, लॅपटॉपही बॅटरीवर, म्हणून प्रोग्रॅम गप्प. ती खूण काढली.

तुमच्याकडे असे झाले तर आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबा. 'स्टार्टअप'च्या यादीत प्रोग्रॅमपुढे 'डिसेबल्ड' दिसले तर 'एनेबल' करा. यादीत नावच नसेल, तर शेड्युलर उघडून पाहा. विहिरीवरचा ऑटो स्टार्टर बंद पडला की आपण लगेच मोटार खोलत नाही ना?

बाईंचे ६ लिटर पुढच्या हप्त्यात जमा झाले. त्या मात्र अजून पावती दोनदा वाचतात.