भूछत्रांची जात

मनुस्मृतीनें छत्राकास लसूण-कांद्याच्या पंक्तीला बसवून द्विजांना वर्ज्य ठरविलें. कांदा पुढें आम्हीं पावन करून घेतला. भूछत्रें मात्र सरसकट बाहेरच राहिलीं. पण खाद्य कोणतें, प्राणघातक कोणतें, हें सरसकटपणानें कळत नाहीं. शास्त्रज्ञ छत्री रात्रभर कागदावर पालथी ठेवून बीजाणूंच्या ठशाचा रंग पाहतात, दांडा मुळापासून खणतात, सूक्ष्मदर्शक लावितात. मगच नवी जाति मानितात. शब्दांची व्युत्पत्ति शोधण्यांत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला हें खणणें ओळखीचें वाटतें.

कोंकणांत आवडीनें खातात त्या वारुळावरच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर, दांडा थेट वाळवीच्या घरांत उतरलेला. १९४२ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनीं तिच्या गोतासाठीं ‘टर्मिटोमायसेस’ ही निराळी प्रजाति स्थापिली. १९७९ सालीं नटराजन् यांनीं दक्षिण भारतांतील एका जातीला हाइमांचेंच नांव दिलें. वाळवीला ह्या बारशाचें आमंत्रण नव्हतें.