सिल्ली

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर तालुक्यात. खारपाणपट्ट्यातली काळी माती इतकी खोल, की विहीर खोदली तरी दगड लवकर लागत नाही. जातं, पाटा, धार लावायचा गोटा, सारं बाहेरून यायचं. त्यामुळे आमच्याकडे दगडाचीही निगा राखत. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारी बाई येऊन तो पुन्हा खडबडीत करून जायची. म्हालीबाबाच्या सिल्लीचं मात्र उलटं. तिला सपाटीच लागायची.

म्हाली म्हणजे न्हावी. बाबाच्या धोपटीत दोन वस्तरे, कातर, आरसा, चामड्याचा पट्टा आणि फडक्यात गुंडाळलेली सिल्ली. आम्ही पोरांनी आरसा घेतला तर तो हसायचा. सिल्लीला हात लागला की ओरडायचा, "ठेव थे! पडली त भरून देशीन काय?"

रोज वस्तरा फिरून सिल्ली मधोमध झिजायची. नुसतं पाहून कळायचं नाही. वस्तरा आडवा ठेवला की दिसायचं, दोन टोकं टेकलेली अन् मधली धार अधांतरी. अशा सिल्लीवर कितीही घासा, टोकंच झिजतात. मधला भाग बोथट राहतो अन् तोच गालावर ओढतो.

अमावास्येला गावात कोणी दाढी करत नसे. तो दिवस सिल्लीचा. बाबा ओसरीत फरशीचा तुकडा मांडायचा, त्यावर चाळलेली बारीक रेती अन् पाणी टाकायचा. सिल्लीवर कोळशानं उभ्या-आडव्या रेघा ओढून ती पालथी घालायचा अन् गोल गोल घासायचा. दहा-वीस फेऱ्यांनी उलटून दाखवायचा. कडेच्या रेघा गेलेल्या, मधे काळं उरलेलं.

"पाह्य, कायं दिसते ना, थो खड्डा होय."

पुन्हा रेती, पुन्हा पाणी. एकाच जागी घासलं तर फरशीही खोलगट होते, म्हणून तो जागा बदलत राहायचा. शेवटची रेघ गेली की सिल्ली तीनदा धुवायचा. रेतीचा एक कण राहिला तरी धारेला दाते पडतात.

पाणी घालायचं काम माझं. एकदा मी विचारलं, "बाबा, असा घासून घासून गोटा सरून जाईन ना?"

"जाईन ना. गोटा सरला त दुसरा आणता येते. पण वस्तरा लेकराच्या टायूवर ओढला, त काय आणशीन?"

माझ्या धाकट्या भावाचं जावळ त्यानंच काढलं. अमावास्या दूर होती, तरी आदल्या संध्याकाळी फरशी मांडली गेली. सकाळी भाऊ मामाच्या मांडीवर. टाळू श्वासासारखी वर-खाली होत होती. आजीनं पदर तोंडात धरला होता. बाबाचा वस्तरा टाळूवरून गेला तेव्हा केस पडल्याचाही आवाज झाला नाही. भाऊ रडला तो नंतरच्या गार पाण्यानं.

सुगीला खळ्यावर बाबाला ठरलेली जवारी मिळायची. तिच्यात आमच्या दाढ्या धरलेल्या असत, त्याच्या अमावास्या नाहीत. त्यानंही त्या कधी कोणाला मोजून दाखवल्या नाहीत.

त्याच्या पोरानं पुढे अकोल्यात दुकान टाकलं. एड्सची धास्ती पसरल्यावर वस्तरे गेले; आता प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड, वापरलं की डब्यात. एकाच्या रक्ताचं पातं दुसऱ्याला लागू नये, हे बरोबरच आहे. पण ब्लेडला गोटा लागत नाही. धोपटी गावातच राहिली, दसऱ्याला हळद-कुंकवापुरती बाहेर निघू लागली.

बाबा गेल्यावर एका दसऱ्याला पोरानं ती माझ्यासमोर उघडली. सिल्ली बोटाएवढी जाड उरली होती. मी तिच्यावर वस्तरा आडवा ठेवून दाराकडे धरला. धारेखालून कुठेच उजेड आला नाही.