कोणती टी-वन?

पांढरकवड्याच्या एसटी स्टँडवर उतरलो तेव्हा माझ्या डोक्यात दंतकथाच भरलेली होती. तेरा माणसं मारल्याचा ठपका असलेली, दोन वर्षं साऱ्यांना हुलकावणी देणारी वाघीण, टी-वन ऊर्फ अवनी. तिच्यासाठी हत्ती आणले, ड्रोन उडवले, इटालियन जातीची कुत्री आणली, कॅल्विन क्लाइनचं 'ऑब्सेशन' अत्तर जंगलात शिंपडलं. पुराणातल्या राक्षसांनाही एवढा मान मिळाला नसेल. गावात निदान एखादं 'अवनी टी सेंटर' तरी असणारच, असं मी धरून चाललो होतो.

टपरीवर विचारलं, "अवनीचं जंगल कुठे?"

"कोन अवनी?"

"टी-वन हो. वाघीण."

"मंग टिपेश्वर. सुन्ना गेटवर जा."

दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो. माझी पहिली सफारी. वाघ सोडा, सागाची पानंच तेवढी दिसली. गाईड मात्र टी-वनबद्दल भरभरून बोलत होता. तिचा एक बछडा 2019 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, तो तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला म्हणे. मी मान डोलावत होतो, पण हिशेब जुळेना. ती तर 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळीनं मेली. मागे उरलेली दोन पिल्लं वर्षाचीही नव्हती, आणि त्यातलं मादी पिल्लू पकडून पेंचला नेलं होतं. शेवटी विचारलंच.

"भाऊ, हे टी-वन टिपेश्वरची. तुमची थे राळेगावकडची, बोराटीची."

दोन जंगलं, दोन वाघिणी, आकडा एकच. आणि मी सफारीचे पैसे भरून चुकीच्या वाघिणीच्या घरी.

बोराटीला पोचलो तर 'जंगल' म्हणावं असं आधी काही दिसेना. कापूस, तूर, मध्येच घाणेरीची दाट जाळी, की पुन्हा कापूस. रान कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं, हे मला अजूनही सांगता येणार नाही. जून 2016 मधला पहिला बळी इथलाच, शेतात गेलेली एक बाई. कापूस वेचणाऱ्या एका आजीबाईंना मी, मूर्खासारखं, विचारलं, "तुम्ही अवनीला पाहिलं होतं?"

"पाह्यलं असतं त मी अठी असती काय?" मग जरा थांबून, "आनि अवनी काय? वाघीन म्हना ना."

नाव शहरातल्या प्राणीप्रेमींनी ठेवलेलं. दंतकथाही, मला वाटतं, आमचीच. आजी सांगत होत्या ते वेळापत्रक होतं. दहाला सगळ्या बायांनी मिळून वावरात जायचं, चारच्या आत घरी. गुरं चारायला एकट्यानं कोणी जायचं नाही. लाइन रात्री आली तर पिकाला पाणी द्यायचं नाही. ती मेली तेव्हा गावांत फटाके फुटले, पेढे वाटले. त्याच महिन्यात मी मुंबईत मेणबत्ती घेऊन उभा होतो. ते त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

चार वाजत आले तशा आजी ओटीतला कापूस सावरत उठल्या.

"चाला भाऊ, तुमीबी निघा. वाघ अजून हायेत."