आधी ऐक, मग खोल

आमच्या घरांत अभ्यास न करणाऱ्या पोराला एक धमकी ठरलेली असते : "शिकला नाहीस तर गॅरेजात टाकीन." गॅरेज म्हणजे शिक्षण संपल्याची जागा, असं आपण सगळ्यांनी मान्य करून टाकलंय. मी शिक्षक आहे, त्यामुळे हे वाक्य पालकांच्या तोंडून फार वेळा ऐकलंय. गेल्या महिन्यात मिरजेतल्या एका गॅरेजात दीड तास बसलो आणि या समजुतीबद्दल लिहायलाच हवं असं वाटलं.

निमित्त किरकोळ होतं. माझ्या जुन्या गाडीचा ब्लोअर, म्हणजे केबिनमध्ये हवा ढकलणारा पंखा, आवाज करू लागला. एसी लावा की हीटर, पंखा तोच. एका मोठ्या वर्कशॉपात गाडी दाखवली. तिथे कुणी आवाज ऐकला नाही. मोटर, पंखा सगळंच बदलावं लागेल म्हणाले आणि साडेपाच हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. मग उस्तादांकडे गेलो. साठी ओलांडलेले, चौथी शिकलेले. हाताखाली अठरा वर्षांचा शागिर्द, दहावी पास.

पोरानं लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलला. उस्ताद म्हणाले, "पैले सुन ले, बाद में खोल."

इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली आणि पंखा एक, दोन, तीन, चारवर नेला. इंजिनाच्या वेगाबरोबर आवाज बदलला असता तर पट्टा किंवा कॉम्प्रेसर बघावा लागला असता. इथं इंजिन बंद असूनही पंख्याबरोबर आवाज वाढत होता, म्हणजे दोष ब्लोअरचाच. मग उस्ताद पोराला विचारत गेले. टकटक येत असेल तर? पात्यांत पान-काडी अडकलीय. सुरू करताना चीं चीं, नंतर शांत? बुश कोरडा पडलाय. घरघर आणि डॅशबोर्डला थरथर? पंख्याचा तोल गेलाय. आवाज काही नाही, पण पंखा फक्त चारवरच फिरतो? मग मोटरला हात लावू नकोस, रेझिस्टर बघ.

माझ्या गाडीत टकटकही होती आणि सुरुवातीची चीं चींही. ग्लोव्ह बॉक्स काढला, कनेक्टर सोडवला, तीन स्क्रू फिरवले आणि मोटर हातात आली. पिंजऱ्यासारख्या पंख्यात कडुलिंबाची वाळकी पानं आणि उंदरानं कुरतडलेला फोम. या गाडीला केबिन फिल्टर नाही. समोरच्या काचेखालच्या जाळीतून पडेल ते थेट आत येतं. पोरानं रंगाच्या ब्रशनं पातं न् पातं साफ केलं. एका पात्यावर पत्र्याची बारीक क्लिप होती. ती कचरा समजून तो काढणार, तोच उस्तादांनी हात धरला. पंख्याचा तोल साधायला कंपनीनंच बसवलेलं ते वजन होतं. काढलं असतं तर नवीन थरथर सुरू झाली असती.

मग शाफ्ट हलवून पाहिला. ढिला असता तर तेलाचा उपयोग नव्हता. होता तो ठीक होता. बुशवर हलक्या तेलाचा एक थेंब, जास्तीचं पुसून टाकलं. कारण तेल कार्बन ब्रशपर्यंत उतरलं तर मोटरच जाते. काचेखालची जाळीही झाडली. चारशे रुपये झाले. पैसे घेण्याआधी उस्ताद म्हणाले, "बुश थोडा घिसलाय. वर्षभर चालेल, पुढं मोटर घ्यावीच लागेल." विकताना मालातला दोष लपवू नये, ही आपली शिकवण. चौथी शिकलेल्या माणसाला ती कुणी आठवण करून द्यावी लागली नाही.

मिरजेत कानाच्या विद्येचं अप्रूप वाटायला नको. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी इथंच सतार-तंबोरे घडवू लागली. जवारी लावणाऱ्या त्यांच्या कानाचं आपण कौतुक करतो. ब्लोअरचा बुश ऐकणाऱ्या कानाला मात्र आपण 'अडाणी' म्हणतो.

पण नुसतं कौतुक करून भागणार नाही. आपला समाज स्वयंरोजगारावर जास्त अवलंबून आहे, हे सच्चर समितीनं २००६ मध्येच सांगितलं. आता गाड्या बदलल्यात. नव्या गाडीचा ब्लोअर एका मॉड्यूलच्या हुकमावर फिरतो. तिथं कानाबरोबर स्कॅनर आणि वायरिंगचा नकाशा वाचता यायला हवा. त्यासाठी आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. पोराला मी तेच सुचवलं.

तो गप्प बसला. उत्तर उस्तादांनी दिलं : "सर, याच्या पगारावर घर चालतं. दोन वर्षं घरात काय शिजवायचं?"

या प्रश्नाला माझं भाषण पुरेसं नव्हतं. आपल्या जमातींचे बैतुलमाल आहेत, रमजानमध्ये जकातही निघते. इंजिनिअरिंगच्या फीसाठी लोक आनंदानं देतात, आणि द्यावंच. पण आयटीआयला जाणाऱ्या गरजू पोराचा दोन वर्षांचा घरखर्च उचलावा, असा अर्ज कुठल्या कमिटीपुढे आलेला मी पाहिलेला नाही. तसा पहिला अर्ज मी लिहून दिलाय. पोरानं सही केलीय. प्रवेशाची मुदत संपायच्या आत कमिटी बसायला हवी.