समुद्रापलीकडची धूळ

२०२२ सालच्या जानेवारीची २३ तारीख, रविवार. त्या दिवशी मुंबईपासून आमच्या वसईपर्यंतचे आकाश राखी झाले, सूर्य चंद्रासारखा फिका पडला आणि उभ्या गाड्यांवर पांढरट भुकटीचा थर साचला. दोरीवरचे बोंबील घाईघाईने काढून घेणाऱ्या कोळणीही विचारीत होत्या, ही धूळ आली कोठून?

उत्तर प्रत्येकापाशी तयार होते. बहुतेकांचे बोट डोंगरकडेच्या एका दगडखाणीकडे वळले. दम्याने जर्जर झालेल्या एका वृद्ध मातेचा मुलगा तर चार तरुणांसह तेथे जाब विचारावयास निघाला होता. आम्ही त्यास म्हणालो, "बाबा रे, रागाला वेळ पुष्कळ आहे. आधी धूळ कोणाची ते पाहू." आमच्या धर्मग्रामातील एका शिक्षकाने उपग्रहाचे चित्र दाखविले. पाकिस्तानच्या किनाऱ्याकडून उठलेला धुळीचा पट्टा अरबी समुद्र व सौराष्ट्र ओलांडून आमच्या किनाऱ्यावर उतरला होता. आदल्या दिवशी कराचीकडे वादळी वारे सुटले होते, त्यांचीच ही देणगी. "म्हणजे खाणवाले सुटले?" तरुणाने निराशेने विचारले. त्या दिवसापुरते सुटले, असेच आम्हांस म्हणावे लागले.

तथापि, इतक्या उंचीवरून धूळ कोणती व ढग कोणता हे ओळखावे कसे, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. आपले इन्सॅट उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एकाच जागी स्थिर भासतात व दर अर्ध्या तासाने चित्र पाठवितात. साध्या प्रकाशात वाळवंटावरची धूळ वाळवंटासारखीच दिसते, आणि रात्री तर काहीच दिसत नाही. म्हणून पृथ्वीकडून अहोरात्र बाहेर पडणारी उष्णता दोन जवळच्या तरंगलांबींवर मोजतात, सुमारे ११ आणि १२ मायक्रोमीटर. हिमकणांचा विरळ ढग १२ची उष्णता अधिक शोषतो, तर वाळवंटी धूळ ११ची. वजाबाकीचे चिन्ह उलटले की धूळ उघडी पडते. प्राथमिक शाळेतल्या वजाबाकीचा इतका सुंदर उपयोग आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

धुराची कथा आणखी गमतीची. १९७८ साली निंबस-७ या अमेरिकी उपग्रहासोबत गेलेले एक उपकरण ओझोन मोजण्यासाठी होते. अतिनील किरण शोषणारा धूर आणि धूळ त्याच्या नोंदींत पुढे शास्त्रज्ञांना सापडली, तीही ढगांवरून वाहत असताना! जून २०२३ मध्ये क्वेबेकच्या जंगलांतील वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि भर दिवसा तेथील आकाश नारिंगी झाले. त्या धुराची वाट उपग्रहांच्या चित्रांत स्पष्ट उमटली होती.

सगळीच धूळ वैरीण असते असेही नाही. सहारातून उडालेली धूळ अटलांटिक ओलांडून अॅमेझॉनच्या अरण्यात पडते. कॅलिप्सो उपग्रहाच्या २००७ ते २०१३ या काळातील मोजणीवरून तिच्यासोबत दरवर्षी सुमारे २२,००० टन फॉस्फरस तेथे पोहोचतो, असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला. पावसाने धुऊन जाणारे खत जणू वारा परत आणून देतो.

परंतु उपग्रहाची दृष्टीही अपुरी आहे. तो वरून साऱ्या हवेचा थर एकत्रच पाहतो. धूळ दोन किलोमीटर उंचीवर आहे की वृद्धेच्या नाकाशी, हे त्याच्या साध्या चित्रातून कळत नाही, आणि एखाद्या खाणीची स्थानिक धूळ तर त्यात हरवूनच जाते. तिच्यासाठी जमिनीवरचेच यंत्र हवे. ते आमच्या गावी बसावे म्हणून आम्ही संबंधितांना दोन अर्ज केले. पोच मिळाली, यंत्र मिळाले नाही.

तूर्त हाती आहे तो एक दिवस. सिंधकडे उठलेली ती धूळ आमच्यापर्यंत यावयास साधारण तितकाच अवधी लागला होता. आता आमच्या धर्मग्रामातील तरुण हिवाळ्यात रोज ती चित्रे पाहतात. पट्टा दक्षिणेकडे सरकताना दिसला, की दमेकऱ्यांच्या घरी निरोप जातो: खिडक्या लावा, औषध जवळ ठेवा, उद्या मिस्सेला येऊ नका, कम्युनियन आम्ही घरी घेऊन येऊ.