विहीणबाईंचा समुद्र

समुद्रावर हवा खायला जायचे, ही कल्पना आमच्या आईला मुळीच पटलेली नव्हती. "समुद्र काय बघायचाय मेला! जन्म गेला त्याच्या काठी," असे ती म्हणे. तिचे माहेर दाभोळच्या खाडीकाठी. समुद्र म्हणजे मासळीची पाटी, पावसाळ्यात वर ओढून ठेवलेल्या होड्या आणि वेळेवर न आलेल्या माणसांची काळजी, एवढे तिला ठाऊक. तिकीट काढून, विमानात बसून पाहायला जाण्याची ती वस्तू नव्हे.

तरीही 2024 च्या ऑगस्टात आम्ही आईला घेऊन फ्रान्सच्या किनाऱ्यावर गेलो. त्यामागचे खरे कारण समुद्र नव्हतेच.

माझ्या धाकट्या बहिणीने 2012 साली एका फ्रेंच मुलाशी लग्न केले. ती ब्रिटनी प्रांतातल्या रेन शहरी राहते. लग्नाला आई गेली नाही. गुडघ्यांचे कारण सांगितले. गुडघे तेव्हा ठणठणीत होते. मीही गेलो नाही. मी परीक्षेच्या पेपरांचे निमित्त पुढे केले. मराठीच्या प्राध्यापकाच्या पेपरांनी एवढ्या मोठ्या प्रसंगी मदतीला धावून यावे, ही त्यांनी माझ्यावर केलेली एकमेव मेहेरबानी, असे तेव्हा वाटले होते. पुढे वडील गेले, भाचा झाला, तो नऊ वर्षांचा झाला. टेलिफोनवर बोलणे होई, पण आई जावयाच्या आईविषयी बोलताना "ती बाई" असेच म्हणे. "विहीण" हा शब्द तिने एकदाही उच्चारला नव्हता.

त्या बाईंचा शिरस्ता असा, की दरवर्षी ऑगस्टात सँ मालो या गावी एक घर भाड्याने घ्यायचे आणि मुले, सुना, जावई, नातवंडे अशी सारी फौज तिथे जमवायची. या वर्षी त्यांनी आमच्या आईला खास बोलावणे धाडले. बहीण म्हणाली, "दादा, आता नाही आणलंस तिला, तर कधीच आणू नकोस." त्यावर पेपरांचे निमित्त सांगण्याची माझी छाती झाली नाही.

सँ मालो हे तटबंदीचे गाव. 1944 च्या ऑगस्टात युद्धात तटाच्या आतला बहुतेक भाग जळून बेचिराख झाला. पुढे लोकांनी तो जुन्या धर्तीवर दगड दगड करून पुन्हा उभारला, म्हणून परक्याला तो शेकडो वर्षांचाच वाटतो. समोर ग्रां बे नावाचे बेट आहे. तिथे शातोब्रियां हा याच गावी जन्मलेला मोठा फ्रेंच लेखक समुद्राकडे तोंड करून कायमचा विसावला आहे. ओहोटीला त्याच्या समाधीपर्यंत पायी जाता येते. भरतीला तो आणि त्याचा समुद्र, तिसरे कोणी नाही.

घरात आम्ही चौदा माणसे होतो. पहिल्याच दिवशी एक मौज झाली. फ्रेंच मुले आजीला "मामी" म्हणतात. भाच्याने "मामी!" अशी हाक मारली, की एकीकडून माझी पत्नी ओ देई आणि दुसरीकडून त्याची फ्रेंच आजी. आई म्हणाली, "काय तरी भाषा! आजीची मामी करून टाकली!" पण हे म्हणताना ती हसली, हे मी टिपून ठेवले.

रात्री जेवणानंतर त्या बाईंनी एक जुना फोटो दाखवला. त्यांचे आजोबा पॅरिसच्या एका कारखान्यात कामगार. 1936 साली लेआँ ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला. तोवर समुद्रकिनारा ही पैसेवाल्यांची मिरास होती. त्या उन्हाळ्यात स्वस्त तिकिटे काढून हजारो कुटुंबे आगगाडीने किनाऱ्याला आली. त्यांतच हे आजोबा आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन सँ मालोला उतरले. बापलेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्या दिवशी. फोटोत दोघेही बूट घालून पाण्याच्या कडेला उभे आहेत. बूट काढायचे धैर्य झालेले दिसत नाही. तो मुलगा म्हणजे बाईंचे वडील. या कुटुंबाची ऑगस्टवारी तेव्हापासूनची.

आईने फोटो बराच वेळ पाहिला आणि परत दिला. बोलली काही नाही.

सँ मालोची खरी नवलाई म्हणजे तिथली भरती-ओहोटी. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी पाच मीटरच्या आतबाहेर चढते-उतरते. इथे ते बारा-तेरा मीटरपर्यंत जाते. दुपारी पाहावे तर मैलभर वाळू आणि चिखलात कलंडलेल्या होड्या. संध्याकाळी लाटा तटावर धडका देत असतात. त्या लाटा फोडायला किनाऱ्यावर ओकच्या खोडांच्या रांगाच्या रांगा रोवल्या आहेत. जवळच रान्स नदीच्या मुखाशी धरण बांधून या चढउतारावर वीज करतात, ती 1966 सालापासून. साहजिकच भरतीच्या वेळांची छोटी पुस्तिका इथे घरोघर असते. रोजच्या भरतीला वीस ते एकशेवीस असा एक अंकही दिलेला असतो. अंक मोठा तर उधाण मोठे.

भाचा ती पुस्तिका घेऊन आजीपुढे बसला. मोडक्यातोडक्या मराठीत त्याने विचारले, "आजी, तुझ्या गावात पुस्तक आहे?"

"पुस्तक कशाला? तिथी ठाऊक असली की झालं. तिथीची पाऊणपट करायची. आज त्रयोदशी. पाऊणकीत तेराला पावणेदहा. पावणेदहाला भरती."

पुस्तिकेत संध्याकाळचे पावणेसात होते. आईने निकाल दिला, "पुस्तक चुकलंय."

पण संध्याकाळी पावणेसाताच्या सुमाराला पाणी तुडुंब भरले. आई तटाच्या कठड्याशी उभी राहून पाहत होती. दुसऱ्या दिवशी चतुर्दशी. पाऊणकीने साडेदहा, समुद्राने साडेसात. तिने भाच्याला जवळ बोलावले आणि म्हणाली, "लिही. तुमचा समुद्र आमच्यापेक्षा तीन तास आधी जेवतो." नातवाने ते वहीत लिहून घेतले. आजी आणि नातू यांच्यात झालेले हे पहिले सलग संभाषण.

त्याच दुपारी ओहोटीला सगळे गावाबाहेरच्या एका खाडीत शिंपल्या वेचायला गेलो. फ्रेंच लोक याला "पायी मासेमारी" म्हणतात. आईने साडीचा काचा मारला, चिखलात दोन बारीक भोके हेरली, बोट खुपसले आणि तिसरी बाहेर काढली. फ्रेंच त्या जातीला पालूर्द म्हणतात. फ्रेंच आजी पट्टी घेऊन मागून येत होत्या. चार सेंटीमीटरहून लहान शिंपली घ्यायची नाही, असा कायदाच आहे. त्यांनी आईची टोपली मोजली. एकही लहान निघाली नाही. आईने बोटाच्या पेराने माप घेतले होते.

इतके छान चालले असताना रात्री घोटाळा झाला. त्या बाईंनी तिसऱ्या लसूण-लोण्यात शिजवल्या आणि पहिले ताट आईपुढे ठेवले. आईने ते हाताने बाजूला सारले. "मला नको." त्यांचा चेहरा उतरला. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. बहिणीने नंतर सांगितले, की आत जाऊन त्या एवढेच म्हणाल्या, "बारा वर्षांपूर्वीही असंच झालं होतं." मला रात्री झोप लागली नाही. त्या बारा वर्षांत आईचे गुडघे होते, तसे माझे पेपरही होते.

सकाळी न्याहारीला भाच्याने सरळ विचारले, "आजी, तू का खाल्लं नाहीस?"

"अरे, श्रावण नाही का? पावसाळ्यात मासळी पोटुशी असते. पिल्लं वाढू द्यायची. दर्याला सुट्टी. आज नारळी पौर्णिमा. नारळ वाहिला, की कोळ्यांच्या होड्या बाहेर पडतील. मी मात्र महिना पुरा पाळते."

भाच्याने ते जमेल तसे फ्रेंचमध्ये सांगितले. बाईंनी हातातली सुरी खाली ठेवली आणि बोटांवर महिने मोजले. फ्रेंचमध्ये मे ते ऑगस्ट या चार महिन्यांच्या नावांत "र" हे अक्षर येत नाही. आणि "र" नसलेल्या महिन्यात कालव खायचे नाही, अशी तिथल्या जुन्या लोकांची रीत. त्या दिवसांत कालवे अंड्यांवर असतात. हल्ली ती बाराही महिने मिळतात, पण या बाई आजही त्या चार महिन्यांत त्यांना शिवत नाहीत. म्हणजे सुट्टी दोन्हीकडे होती; दर्यालाच तेवढी ती ठाऊक होती.

मी माझे पांडित्य पाजळले. "पण श्रावणात 'र' आहे, आई! 'श'च्या पायाशी बसलाय."

"बसू दे," आई म्हणाली. "विहीणबाईंना सांग, मला राग नव्हता."

बहिणीने लगेच फ्रेंच केले नाही. तिचा गळा भरून आला होता. भाच्यानेच ते सांगून टाकले.

त्या दिवशी 19 ऑगस्ट होता. बहिणीने दुकानातून शेंडी तासलेला नारळ आणला. "बोडका नारळ!" असे पुटपुटत आईने त्याला हळदकुंकू लावले. संध्याकाळी आठच्या सुमाराला पाणी तटाला लागले. आईने नारळ विहीणबाईंच्या हातात दिला, वर आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून तो सोडला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला भाचा धावत आला. ओकच्या दोन खोडांमध्ये नारळ अडकलेला सापडला होता. आई म्हणाली, "परत दिलाय, प्रसाद आहे." त्याचा नारळीभात झाला. विहीणबाईंनी दोनदा मागून घेतला.

निघताना त्यांनी भरतीची पुस्तिका आईच्या हातात ठेवली आणि आईने आपले पंचांग त्यांना दिले. दोघींनाही एकमेकींचे अक्षर वाचता येत नाही. पण दर पौर्णिमेला रेनहून फोन येतो, आई आधी पाऊणकी म्हणते, मग तीन तास वजा करते, आणि मला म्हणते, "विचार विहीणबाईंना, आठला पाणी आलं का म्हणावं."