डब्याची दुसरी किल्ली

पोलादपुरात आमच्याकडे फायबर आलं, तेव्हा लाइनमनने टीव्हीशेजारी भिंतीवर एक पांढरा डबा ठोकला, मोबाईलमध्ये पासवर्ड टाकून दिला आणि तो महाडला परतला. पुढे पावसात नेट रखडायला लागलं म्हणून तक्रारीचा फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, सात डिव्हाइस कनेक्ट दिसताहेत. त्यात एक टीव्ही आहे, बंद करून बघता का?"

मी आधी टीव्हीकडे बघितलं, मग खिडकीकडे. तोवर तिने तिथूनच डबा रिस्टार्ट केला. दिवे विझले, पुन्हा लागले. घरात कोणी हात लावला नव्हता!

लाइनमन पुन्हा आला तेव्हा चहा पाजून त्याला बसवूनच घेतलं. त्याने ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकलं, डब्याखालच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकला, आणि यादी उघडली: हिचा फोन, टीव्ही, आणि भाच्याचा फोन चक्क त्याच्या नावासकट.

"हे कंपनीला कसं दिसतं रे?"

"टीआर-069, काका."

ही पद्धत 2004 पासूनची. डबा ठरावीक वेळाने आपण होऊन कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, हालहवाल कळवतो, नवी सेटिंग घेतो. वाय-फायचा पासवर्डसुद्धा तिकडून बदलता येतो. ते बंद करायची सोय माझ्या लॉगिनला नव्हतीच. वीज माझी, भिंत माझी, मालकी त्यांची.

"बँकेचं काही?" त्याने मान हलवली. ते कुलूपबंद जातं. पण कुठल्या साइटवर गेलो, हे लाइनवाल्याला कळू शकतं.

भर पावसात महाडहून माणूस पाठवण्यापेक्षा हे बरं, हे मलाही पटतं. पण नोव्हेंबर 2016 मध्ये जर्मनीत याच कामासाठी ठेवलेल्या दारावर हल्ला झाला आणि डॉइच टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं. माझी तक्रार मात्र साधी आहे: दुसरी किल्ली ठेवलीत, तर सांगायचं तरी! 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती घेताना द्यायची सूचना मराठीतही मागण्याची तरतूद आहे. मी सही केली तो फॉर्म इंग्रजी, तोही मुंगीच्या अक्षरात.

लाइनमनने तोड सुचवली. आपला राउटर विकत घ्यायचा, डब्याला जोडायचा आणि घरातले सगळे फोन, टीव्हीसुद्धा, त्यावर घ्यायचे. मग कंपनीच्या यादीत तो राउटर तेवढा दिसतो. महाडच्या बाजारातून मी तो आणलाही.

"फक्त एक करा," जाताना तो म्हणाला, "नेट बंद पडलं की आधी हा काढून ठेवा. नाहीतर कंपनी म्हणेल, बिघाड तुमच्या राउटरचा."